श्रीरंगने गाडीत बसू नये

उमेळा, वसई
गुरुवार, २८ जानेवारी १९९९

चि. सौ. आशालता हिस,

नानांचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तुझं दिवाळीचं कार्ड आलं, त्यानंतर संक्रांतही होऊन गेली, पण कार्ड मिळालं एवढंही मी कळवलं नाही. रोज सकाळी ठरवायचो की आज लिहू, आणि रोज काहीतरी निघायचं. चष्म्याची काडी मोडली. मग पेन सापडेना. खरं सांगायचं तर पेन सापडत होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, जोडाक्षरं चुकली तर तेवढी नीट करून वाच.

तुम्ही दोघं कसे आहात? नागपुरात थंडी फार असेल. जावईबापूंना म्हणावं स्कूटरवरून जाताना कान बांधत जा. इथे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे, वाडीच्या वरच्या अंगाला जी बिल्डिंग झाली तिची पाण्याची टाकी बरोबर आपल्या स्वयंपाकघराच्या वर येते, आणि तिला एक तडा गेलाय. मी सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, तो तडा नाही, रंगाची रेघ आहे." आता रंगाची रेघ मला ओळखता येत नाही का? पण ते जाऊ दे.

एक सांगतो, रागावू नकोस. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे दोनदा फोन वाजला आणि कोणी बोललं नाही, तो मी होतो. माणिकपूरला बूथवर गेलो होतो. तू "हॅलो, कोण?" म्हणालीस, मागे तुझ्या कुकरची शिट्टी झाली, समोर मीटरचे लाल आकडे पळत होते आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. मला बोलायची बंदी आहे. कसली बंदी, ते पुढे सांगतो. सांगता आलं तर सांगतो.

आधी काम सांगतो. येत्या चौदा फेब्रुवारीला, रविवारी, मद्रासजवळच्या ट्रॅकवर मोटारींची शर्यत आहे, या हंगामातली शेवटची. श्रीरंगच्या टीमची गाडी त्यात आहे, त्यात नवीन काही नाही. पण या वेळी गाडीत दुसरा कोणी नाही, श्रीरंग स्वतः बसणार आहे. त्याला बसू द्यायचं नाही. हे तुला करायचं आहे. तुमचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. पण या घरात तो लहानपणापासून तुझंच ऐकत आला, आणि मला दुसरं कोणी दिसत नाही.

तू म्हणशील, एवढी वर्षं शर्यतींचंच खातोय, आज नानांना काय झालं. म्हणून थोडं मागचं लिहितो. तू सहीचं काम करून गेलीस त्यानंतरचं तुला ठाऊक नाही, आणि त्याच्या आधीचं तू रागाने विसरली असशील.

विहिरीवरचा रहाट काढून आपण ऑइल इंजिन बसवलं, तेव्हा तू शाळेतून आलीस की त्याला शोधायला इंजिनाच्या खोलीत जायचीस. हा काठीचं एक टोक इंजिनाला लावून दुसरं कानाला धरून बसलेला. तू कान पिळून बाहेर काढायचीस. पण आतला आवाज बिघडला की तो बरोबर सांगायचा. मिस्त्री यायच्या आधी त्याने उघडलेलं असायचं. पुढे आयटीआय केलं, माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागे गॅरेज टाकलं. रिक्षा दुरुस्त करता करता मोटारसायकलींच्या शर्यतीला जायला लागला, पुणे, नाशिक, मातीच्या मैदानात. चिखलाने भरलेला यायचा आणि हातात कप. तुझी आई त्या कपांत वाती आणि कापूर ठेवायची. तिला वाटायचं ते त्यासाठीच दिलेत.

मग एकदा शर्यतीत पडला आणि पायात लोखंडी पट्टी बसली. तेव्हा तू दवाखान्यात महिनाभर त्याच्यापाशी होतीस, ते मी विसरलेलो नाही. बरा झाल्यावर तो स्वतः चालवायचा थांबला आणि दुसऱ्यांना बसवायला लागला. आधी मोटारसायकलींवर, मग मोटारींत. असा तो टीमचा मालक झाला. मालक म्हटलं की माणसाला वाटतं खुर्चीत बसत असेल. तो ट्रकच्या मागे स्टोव्ह पेटवून पोरांना भात घालतो.

वाडीचा वरचा भाग बिल्डरला विकला आणि त्या पैशांत त्याने त्या दोन लांबट, एका माणसाच्या गाड्या आणल्या, तेव्हा तू काही न बोलता सही केलीस आणि परत वाडीत पाऊल ठेवलं नाहीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या जागेतलं सोनचाफ्याचं झाड गेलं त्याचं मलाही अजून वाटतं. पण एक लिहितो. मी एकदा त्याच्याबरोबर मद्रासला गेलो होतो. कानात कापूस घालून बसलो. रिक्षावर नावं रंगवणारा आपला पेंटर, त्याने गाडीवर "उमेळा रेसिंग" असं लिहिलं होतं, एका बाजूला मराठीत, एका बाजूला इंग्रजीत. तिथला माणूस लाउडस्पीकरवर "उमेला, उमेला" करत होता. सगळे मालक गाड्यांकडे बघत होते. आपला श्रीरंग भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. गाडी समोरून गेली की म्हणायचा, "तिसऱ्या गियरला घसरतेय." आणि गाडी आत आली की ते खरं निघायचं. त्या दिवशी एका दुसऱ्या टीमच्या गाडीने पेट घेतला, तर सगळ्यांच्या आधी आग विझवायचा सिलिंडर घेऊन हा धावला, त्याच्या त्या पट्टीच्या पायाने. मला बरं वाटलं होतं. जमीन गेली ती नुसती उधळली नाही एवढं मला कळलं. तुला हे कधी कळवलं नाही.

आता या वर्षाचं. बोळिंजचा अनुज म्हणून मुलगा त्याची गाडी चालवतो. बँकेतल्या माणसाचा मुलगा, चांगला आहे. डिसेंबरच्या शर्यतीत त्याची गाडी भिंतीला घासली आणि खांद्याचं हाड मोडलं. दुसरी गाडी सुट्या भागांसाठी उघडून ठेवलीय, म्हणजे गाडी एक आणि चालवणारा कोणी नाही. बाकीचे सगळे आपापल्या टीमशी बांधलेले. ज्या तेल कंपनीचं नाव गाडीवर असतं, तिचा साहेब सांगून गेला की शेवटच्या शर्यतीत गाडी लाइनीवर उभी दिसली नाही तर पुढच्या वर्षी नाव दुसऱ्या टीमला जाईल. नाव गेलं की टीम गेली.

त्यानंतरच्या रविवारी अनुज जेवायला होता, हात झोळीत. आमटीची वाटी पुढे घेत श्रीरंग म्हणाला, "मीच बसतो."

भाविका हसायला लागली. तुझी भावजय जात्याच हसरी. म्हणाली, "पोट मावेल का त्यात?"

"मावेल. सीट बदलतोय."

"दादा, तुम्ही लास्ट रेस मारली तेव्हा मी चड्डीत होतो," अनुज म्हणाला.

"म्हणून तर तू पडलास. आम्ही पूर्ण पँट घालून चालवायचो."

सगळे हसले. माझा घास तोंडातच फिरत राहिला. मी म्हटलं, "वय झालं तुझं. नको बसू."

भाविका म्हणाली, "बघा नानांचं तोंड. जसं काही यांनाच बसवताहेत."

पुन्हा हसले. फक्त श्रीरंग हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग समोर बसलेल्या आर्याकडे, मग परत माझ्याकडे. मी पानावरून उठलो. भाविकाला वाटलं आमटी तिखट झाली.

आर्या शाळेतून येईल आता. बाकीचं उद्या लिहितो.


शनिवार, ३० जानेवारी

काल लिहिता आलं नाही. कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवले होते.

परवा मी तुला लिहून उठलो आणि संध्याकाळी आर्याला ताप आला. खेळून आली ती कोपऱ्यात बसून राहिली. हात लावला तर चटका. तुझी भाची सात वर्षांची आहे, तू तिला पाहिलेलं नाहीस. ताप आला की बडबड करते. भाविका म्हणाली वर्गात सगळ्यांनाच आलाय, हवा बदललीय. तसं असेल. पण मी लिहायला घेतलं आणि त्याच दिवशी आला, हे मी कसं सोडवायचं? मी कागद फाडायला काढले होते. चुलीजवळ नेलेही.

फाडले नाहीत. बाहेर जाऊन बसलो तेव्हा पलीकडची सालोमीबाय दुधाला चालली होती. ती शाळेत शिकवायची, तुला आठवत असेल, आता रिटायर आहे. माझं तोंड बघून थांबली. मी तिला नुसतं विचारलं, कोणाचं नाव घेतलं नाही, की माणसाने पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली असेल तर ती सोडवता येते का.

"कोणी घेतलीय?"

"असंच विचारतो."

"दयारामभाऊ, असंच कोणी सकाळी सकाळी विचारत नाही. दारू सोडली का कोणी?"

"दारूचं नाही."

"आमच्यात तर पोराची शपथ घ्यायचीच नाही. मनावर ओझं झालं तर फादरकडे जाऊन सांगायचं. ते मेले तरी कोणाला सांगत नाहीत."

मी म्हटलं, "मला अशा माणसाला सांगायचंय जो सांगेल."

तिने दुधाची किटली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "मग मला नका सांगू. मी सांगीन." आणि गेली. जाता जाता वळून म्हणाली, "पोरीला पेज द्या. तापात पेज चांगली."

म्हणजे ती ओळखून चुकली की पोर आमचीच. आता ती भाविकाला काही बोलली तर? मी तोंडाने कोणाला काही सांगितलं असं होतं का त्यात? मी दिवसभर हाच विचार करतोय. तुला सगळं लिहायचं ठरवून बसलो आणि आता आर्याचं कपाळ बघून परत पेन खाली ठेवतो. थोडा ताप उतरू दे. श्रीरंगची तालीम सुरू झालीय, रोज सकाळी दोरी घेऊन अंगणात उड्या मारतो. मी खिडकीतून बघत असतो. तो थांबला की मीही थांबतो.


सोमवार, १ फेब्रुवारी

आशा, आता सगळं लिहितो. काही लपवत नाही. हे पत्र आज माझ्या हाताने माणिकपूरच्या पोस्टात स्पीड पोस्टला टाकणार आहे.

काल रविवारी सकाळी आर्याचा ताप परत चढला. भाविका बोळिंजला आईकडे गेली होती. श्रीरंग म्हणाला, मी हिला मोटारसायकलवरून डॉक्टरकडे घेऊन जातो. मी म्हटलं, रिक्षा आणतो. म्हणाला, "नाना, स्टँडवर जाऊन रिक्षा आणेपर्यंत मी दाखवून परत येईन." मी आर्याला उचलली आणि मागे जाऊन बसलो, ती मध्ये. तो म्हणाला, "तुम्ही कशाला?" मोटारसायकलवर मी कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

बावखलाच्या तळ्यापाशी रस्ता उजवीकडे वळतो. त्या वळणावर त्याची मान डावीकडे गेली, हळूच, कोणी हाक मारल्यासारखी. गाडीचा आवाज तोच. वेग तोच. मी "श्रीरंग" म्हणून ओरडलो. त्याला ऐकू जात नव्हतं. रस्ता वळला आणि आम्ही सरळ गेलो. मी आर्याला छातीशी घट्ट धरली आणि दोन्ही पाय जमिनीला लावले, एक वहाण तिथेच राहिली. डाव्या हाताला बावखलाचं पाणी होतं. गाडी त्याच्या अलीकडच्या केळींत शिरली म्हणून वाचलो. दोन केळी आडव्या झाल्या, गाडी त्यांच्यावर पडली, आणि आम्ही पानांत. आर्याच्या कोपराला खरचटलं. मला गुडघ्याला लागलंय, ते काही नाही.

श्रीरंग तसाच बसून होता, पाय गाडीखाली. ओठ हलत होते. थोड्या वेळाने त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?" मग स्वतःच म्हणाला, "कुत्रं आडवं आलं ना?"

मी आर्याच्या कोपराची माती झटकत होतो.

"कुत्रं आलं नाना. घरी तेच सांगायचं."

संध्याकाळी आर्या माझ्याजवळ पडून होती. म्हणाली, "आजोबा, कुत्रं नव्हतं."

मी म्हटलं, "होतं. तुला दिसलं नाही."

"नव्हतं. पप्पा काहीतरी चघळत होते. तोंडात काही नव्हतं तरी."

हे सात वर्षांच्या पोरीने पाहिलं. आणि मी तिला खोटं सांगितलं की कुत्रं होतं.

आता पहिल्यापासून. दिवाळीच्या आधी श्रीरंग आणि टीमची पोरं गाडी चालवून बघायला राजोडीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले होते. मद्रासचा ट्रॅक लांब, म्हणून पुष्कळदा ते असंच करतात. सकाळी पूर्ण ओहोटी असेल असा दिवस बघायचा, टेम्पोतून गाडी न्यायची. ओहोटीला तिथली ओली वाळू सिमेंटसारखी कडक होते. माणसं यायच्या आत चार फेऱ्या मारून परत यायचं. मीही गेलो होतो, चहाचा थर्मास घेऊन. चालवणार अनुज होता. पण श्रीरंगला इंजिनात कसला तरी आवाज येत होता, तो म्हणाला, एक चक्कर मी मारून बघतो. हेल्मेट घातलं पण पट्टा बांधला नाही. आवाज नीट ऐकू यावा म्हणून. एका बाजूने ओहोळ येतो, तिथली वाळू वरून कडक दिसते आणि खाली लापशी असते. कोळी लोक तिथून बैलगाडीही नेत नाहीत, पण त्यांना विचारणार कोण. पुढचं चाक रुतलं आणि गाडी उलटी झाली. हेल्मेट बाजूला जाऊन पडलं.

लोकांना आम्ही सांगितलं की पंप काढताना विहिरीच्या काठावर घसरला. किनाऱ्यावर गाडी चालवतो हे बाहेर कळायला नको होतं. भाविकालाही तेच सांगितलं. डोक्याला टाके पडले, आठवड्याने कामाला लागला. सगळे म्हणाले, सुटला.

त्यानंतर एके दुपारी मी पंपाच्या खोलीत गेलो तर तो खाली पडलेला, हातपाय झटकत होते, तोंडाला फेस. आकडी. मला सुचलं ते केलं, वहाण नाकाशी धरली, हातात किल्ल्या दिल्या. थांबली. उठला तेव्हा त्याची पँट ओली झाली होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. लहान असताना बघायचा नाही, तसा.

मुंबईच्या डॉक्टरकडे मी बरोबर गेलो. त्यांनी फोटो काढले, गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्यासमोर सांगितलं की मोटार नाही, मोटारसायकल नाही, सायकलसुद्धा नाही, विहिरीच्या काठाला उभं राहायचं नाही. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी आलो तो आर्या दफ्तर घेऊन अंगणात आली. श्रीरंगने माझा हात धरला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. त्या पोरीला वाटलं आजोबा आशीर्वाद देताहेत, ती खाली वाकली. तो हळू आवाजात म्हणाला, "बोला नाना. या तोंडातून कोणाला काही जाणार नाही. भाविकाला नाही, अनुजला नाही, ताईला नाही." मी म्हटलं. ती वाकलेली होती आणि मी म्हटलं.

तुझं नाव त्याने घेतलं होतं. तुमचं बोलणं बंद असून घेतलं. भीती त्याला तुझीच आहे.

तेव्हा मला वाटलं, गोळ्या घेईल, बरा होईल, टीम काय, दुसरे चालवतातच. स्पार्क प्लगच्या रिकाम्या खोक्यात तो गोळ्या ठेवतो, गॅरेजमध्ये वरच्या फळीवर. मग अनुजचं हाड मोडलं. परवा मी त्याला एकट्याला गाठून विचारलं. मी म्हटलं, "गोळ्या चालू आहेत ना? मग निदान एवढी भीती नाही."

तो म्हणाला, "गोळी घेतली की हात जड पडतात. कमी केल्यात. मद्रासला गेलो की बंद."

"आणि तिथे आली तर?"

"तीन महिन्यांत आलेली नाही."

"तिथे डॉक्टर विचारतील."

"विचारतील. मी 'काही त्रास नाही' सांगेन." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं. एकदा बसतो. पहिला नको, दुसरा नको. गाडी शेवटपर्यंत नेतो आणि उतरतो. मग टीम वाचते, आणि मी परत कधी बसत नाही."

तो हे इतक्या शांतपणे बोलला की मला वाटलं माझंच चुकतंय. तीन महिन्यांत आली नाही, असं तो म्हणाला, आणि काल आली. कदाचित मध्येही येत असतील, त्याला कळत नसेल. काल त्याला कुठे कळलं? आज सकाळी तो पुन्हा दोरीवर उड्या मारत होता. मला बघून हसला.

मी चार दिवस आर्याच्या जिवाला भिऊन गप्प होतो. आणि काल तिच्या जिवाला कोण धोका होता? मी जिच्या डोक्यावर हात ठेवून तोंड बंद केलं, ती माझ्या आणि त्याच्या मध्ये बसली होती. एक हात बाजूला आणि आम्ही बावखलात होतो. तिथे मद्रासला तर रस्त्याकडेला केळी नाहीत, भिंत आहे. आणि तो एकटा नसणार. वीस-पंचवीस गाड्या एकमेकींना चिकटून पळतात, मी बघितलंय. त्या गाड्यांत अनुजसारखी पोरं असतात. त्यांच्या आया घरी असतात. त्याची मान वळली आणि गाडी सरळ गेली तर ती कोणावर जाईल?

म्हणून लिहिलं. आता तू करायचं ते असं. ट्रक आठ तारखेला सोमवारी निघतो. श्रीरंग दहाला विमानाने जाणार. त्याच्या आधी हे व्हायला पाहिजे. आधी त्याला फोन कर. "ताई" ऐकलं की तो गप्प होईल, तेव्हा लगेच बोल, फोन ठेवू देऊ नकोस. त्याने नाही म्हटलं तर भाविकाला सांग, आणि प्लगचं खोकं कुठे आहे ते सांग. तरीही ऐकलं नाही तर शर्यत भरवणाऱ्यांना कळव. त्यांचा नंबर अनुजकडे आहे, अनुजच्या घरचा नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय. त्यांना कळवलं की श्रीरंगचं लायसन जाईल, टीमही जाईल, हे मला समजतंय. वाडी गेली, सोनचाफा गेला, तू गेलीस, हे सगळं ज्यासाठी झालं तेही जाईल. जाऊ दे. जमलं तर तू ये. घर तुझंच आहे. तुझी खोली आर्याला दिलीय, पण ती माझ्याजवळ झोपेल.

मी कळवलं हे सांगितलंस तरी चालेल. तो माझ्याशी बोलणार नाही. इतकं वय झाल्यावर कोणी बोललं नाही तर काय बिघडतं. पण ते खोटं लिहिलं, बिघडतं. तरी सांग.

एक गोष्ट विचारायची राहिली. मी तोंडाने कोणाला काही बोललेलो नाही. हे सगळं हाताने लिहिलं. शपथेत तोंड म्हटलं होतं, हात म्हटला नव्हता. हे चालतं का? तू शिकलेली आहेस, मी पाटीवर शिकलेला माणूस. चालतं असं तुला वाटत असेल तर तेवढं कळव. नाही चालत असं वाटलं तर मला कळवू नकोस, पण श्रीरंगला फोन मात्र कर.

आर्याचा ताप सकाळपासून नाही. डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं, सगळ्या पोरांना आलाय तोच म्हणाले. ती आता अंगणात चिंचोके खेळतेय. मी लिहितालिहिता चार वेळा उठून तिच्या कपाळाला हात लावून आलो. शेवटच्या वेळी म्हणाली, "आजोबा, सारखं सारखं काय?" मी म्हटलं, काही नाही.

पत्र गुरुवारपर्यंत तुला मिळायला पाहिजे, असं पोस्टातला माणूस म्हणतो. मिळालं की फोन कर, तार कर, कोणा येणाऱ्याबरोबर चिठ्ठी दे, तुला जमेल ते कर. पण सोमवारी ट्रक वाडीच्या तोंडाशी लागायच्या आत मला काहीतरी कळू दे. नुसतं "पत्र मिळालं" एवढं कळवलंस तरी मी श्वास घेईन.

तुझी वाट बघणारा,
तुझा बाप,
दयाराम